बूस्टर गोदीला लागेपर्यंत मोहीम संपत नाही : उड्डाण-संचालकांना खुलं पत्र

प्रति,
पुन्हा वापरायचे रॉकेट-बूस्टर समुद्रात उतरवणाऱ्या सर्व कंपन्यांचे आणि अंतराळ संस्थांचे उड्डाण-संचालक यांस,

विषय : खवळलेल्या समुद्रातून बूस्टर परत आणण्याची मर्यादा उड्डाणाआधी ठरवावी, जाहीर करावी आणि पाळावी.

महोदय, महोदया,

मी रॉकेटवाला नाही. माझी २२ वर्षं मालवाहू जहाजांच्या डेकवर गेली, त्यातली शेवटची ११ चीफ ऑफिसर म्हणून. डेकवर चढवलेला माल समुद्रात जागचा हलता कामा नये, ही माझी जबाबदारी असायची. आता नव्या मुलांना लॅशिंग शिकवतो. साखळी कुठे अडकवायची, किती ताणायची, किती तासांनी पुन्हा हात लावून पाहायची, हे सगळं. हे पत्र लिहायला लावलं ते त्यांच्यातल्याच एकाने. वर्गात आम्ही ड्रोनशिपवर, म्हणजे माणसाविना चालणाऱ्या सपाट बार्जवर, बूस्टर (रॉकेटचा खालचा, पहिला टप्पा) उतरतानाचं चित्रीकरण पाहत होतो. ज्वाला दिसते, धूर पसरतो, कॅमेरा क्षणभर गोठतो, आणि धूर विरला की पांढरा खांब डेकच्या मधोमध उभा असतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, याला बांधलं कोणी?"

त्या क्षणी त्याला कोणीच बांधलेलं नसतं. त्या डेकवर माणूसच नसतो. माणसं काही मैलांवरच्या दुसऱ्या जहाजावर थांबलेली असतात आणि टाळ्या संपल्यावर त्यांचं काम सुरू होतं. ते काम आणि ते करणारी माणसं यांच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

माल बंदरातच बांधायचा, बांधून पुरा झाल्याशिवाय दोर सोडायचे नाहीत, हा आमचा पहिला धडा. तुमच्याकडे हा क्रम उलटा आहे. तुमचा माल भर समुद्रात येतो, आकाशातून येतो, तापलेला असतो, टाक्यांमध्ये उरलेलं इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन घेऊन येतो, आणि बांधायचं काम त्यानंतरचं. समुद्रावरच्या माणसाला या एकाच गोष्टीने घाम फुटतो. तरीही तुम्ही ते शेकडो वेळा जमवून दाखवलंत. ८ एप्रिल २०१६ ला स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा ड्रोनशिपवर पहिल्यांदा उभा राहिला. आता त्याच जातीचा एक बूस्टर तिसाहून अधिक वेळा उडून आला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू ग्लेन रॉकेटचा त्याहूनही मोठा बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरला. अशी जहाजं आणि असे बूस्टर यापुढे वाढतच जाणार. म्हणूनच आज बोलतोय. आज मोजके जण वापरतात ती सवय उद्या सगळ्यांची रीत होऊन बसेल.

उभा बूस्टर हा माल म्हणून कसा असतो, ते आधी सांगतो. फाल्कन ९ चा पहिला टप्पा ४० मीटरहून उंच आणि ३.७ मीटर रुंद आहे. पाय पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १८ मीटर. टाक्या जवळपास रिकाम्या, नऊ इंजिनं तळाशी, त्यामुळे बहुतेक वजन खाली. लोक म्हणतात, एवढा उंच खांब कलंडणारच. तसं नाही. वजन खाली असल्यामुळे तो सहजासहजी कलंडत नाही. तो आधी सरकतो. खाली पोलादी डेक, त्यावर खारं पाणी आणि काजळी. पाय घट्ट रोवलेले नाहीत, नुसते टेकलेले आहेत. त्यात बाजूने पाहिलं तर हा खांब म्हणजे दीडशे चौरस मीटरचं शीड आहे. जुन्या खलाशाला वादळात शीड गुंडाळता यायचं. हे शीड गुंडाळता येत नाही.

आणि ज्यावर तो उभा असतो ती रुंद, उथळ बार्ज असते. अशी बार्ज फार कलत नाही, हे तुमच्या अभियंत्यांनी बरोबर हेरलं आहे. पण ती कलली की झटक्यात सावरते. आमच्या भाषेत असं जहाज 'स्टिफ' असतं. रोलचा, म्हणजे बाजूला कलण्याचा, कोन तोच राहिला आणि एका रोलला लागणारा वेळ निम्मा झाला, तर वर उभ्या असलेल्या मालाला बसणारा झटका चौपट होतो. हळू डोलणाऱ्या जहाजावर माणूस चहाचा कप हातात धरून चालू शकतो. स्टिफ जहाजावर, कोन त्याहून कमी असला तरी, तोच माणूस भिंतीवर आदळतो. म्हणून लाट किती उंच आहे एवढं सांगितलं की आमचं समाधान होत नाही. ती किती सेकंदांनी येते, कुठल्या बाजूने येते, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या दिशेचा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून येणारी लांब लाट, मिसळतो आहे का, हे आम्हाला आधी कळायला हवं.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला तुमच्याकडे काही मागण्याचा हक्क नाही.

सपाट डेकच्या एका जहाजावर आम्ही एक लांब पोलादी टाकी नेत होतो. आतून पोकळ, आकाराच्या मानाने हलकी, लाकडी पाचरांच्या आणि पोलादी पाळण्याच्या आधारावर आडवी ठेवलेली. निघताना समुद्र तळ्यासारखा होता. तिसऱ्या रात्री दूरच्या कुठल्यातरी वादळाचा स्वेल आडवा येऊ लागला. आमच्या डोक्यावर चांदणं आणि खाली जहाज झोके घेतंय, अशी ती रात्र होती. वाट बदलून लाटेला तोंड द्यावं, एक दिवस उशीर झाला तर झाला, असं कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं : ठरल्या वेळी पोहोचायचं आहे, लॅशिंग पुन्हा आवळा आणि चालत राहा.

मी बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, आणि दोन खलाशांना डेकवर पाठवलं. मी पाठवलं. ताणलेली साखळी प्रत्येक रोलला एक खालचा सूर काढते. कान तयार झाला की तो ऐकूनच कळतं सगळं ठीक आहे की नाही. ढिली झालेली साखळी आधी गप्प होते. तिसऱ्या साखळीचा सूर थांबला, बोसनने हात वर केला, आणि पुढच्याच झटक्याला टाकी हातभर सरकली. फक्त हातभर. एका खलाशाचा उजवा हात तेव्हा पाचर आणि पाळणा यांच्यामध्ये होता. तो ओरडलाही नाही. डाव्या हाताने टॉर्च खाली ठेवली, नीट, घरंगळणार नाही अशी, आणि मग बसला.

त्याची तीन बोटं गेली. टाकीला ओरखडा नव्हता. प्रवासाच्या अहवालात "माल सुरक्षित पोहोचला" असं लिहिलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

तुमच्या मोहिमांच्या बातम्या वाचताना मला ती सही आठवते.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की तुमचा निर्णय मिनिटांचा असतो आणि समुद्राचा प्रवास दिवसांचा. उड्डाणानंतर साधारण साडेआठ-नऊ मिनिटांत बूस्टर डेकवर असतो. त्या मिनिटाला समुद्र कसा असेल याचा अंदाज तुम्ही बघता, त्यासाठी उड्डाण पुढेही ढकलता. पण तिथून बंदर शेकडो किलोमीटर दूर आहे आणि बार्ज ओढत आणायला काही दिवस लागतात. त्या दिवसांचं काय? ११ एप्रिल २०१९ ला तीन बूस्टर जोडलेल्या फाल्कन हेवी रॉकेटचा मधला बूस्टर किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर अगदी व्यवस्थित उतरला. पुढच्या दोन-तीन दिवसांत समुद्र बिघडला, ८ ते १० फुटांचा स्वेल उठला, तो बांधता आला नाही आणि पडला. २३ डिसेंबर २०२३ ला उडालेला बूस्टर तर सगळ्यांच्या ओळखीचा होता. मे २०२० मध्ये दोन अंतराळवीरांना घेऊन गेलेला हाच. १९ वेळा उडाला, १९ वेळा उतरला, आणि नाताळच्या दिवशी परतीच्या वाटेवर वाऱ्याने आणि लाटांनी आडवा केला. काठाशी येऊन बुडणं म्हणतात ते हेच. दोन्ही वेळी उतरण्यात काहीच चुकलं नव्हतं. अवकाशाच्या उंबरठ्यावरून येऊन ठरलेल्या बिंदूवर टेकायचं अवघड काम झालं होतं. राहिलं होतं ते आम्ही रोज करतो ते काम, माल घरी आणायचं.

त्यानंतर सांगितलं गेलं की नव्या बूस्टरचे पाय आपोआप समतल होतात, त्यामुळे असा धोका कमी होईल. चांगली सुधारणा आहे, मी तिचं स्वागत करतो. पण समतल पाय ओल्या डेकवर सरकायचे थांबत नाहीत.

दुसरी तक्रार बांधायच्या साधनांची. सुरुवातीच्या काळात माणसं डेकवर जाऊन बूस्टरखाली जॅक लावत, पायांवर पोलादी बूट चढवून ते डेकला वेल्ड करत. मे २०१६ मध्ये फाल्कन ९ चा एक बूस्टर वेगात टेकला, पायातला धक्का शोषणारा भाग चेपून गेला, आणि तो डेकवर पुढेमागे झुलत कललेल्या अवस्थेत परतला. तो कलंडू शकतो, हे कंपनीच्या प्रमुखांनीच तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं. अशा झुलणाऱ्या खांबाखाली माणूस वाकून काम करतो म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पुढे तुम्ही त्या जागी यंत्र आणलंत. ऑक्टाग्रॅबर नावाचं ते दुरून चालवायचं यंत्र बूस्टरखाली जातं, त्याला खालून पकडतं आणि माणसाचा जीव वाचवतं. माझ्या मते तुमच्या इंजिनांइतकाच तो शोध मोठा आहे. पण २०१९ च्या त्या मधल्या बूस्टरची खालची जोडणी वेगळी होती आणि यंत्राची पकड त्याला बसत नव्हती. म्हणजे बूस्टर तयार होता, उड्डाण तयार होतं, जहाज तयार होतं, आणि ज्याने त्याला धरायचं ते साधन तेवढं तयार नव्हतं. आमच्याकडे चीफ ऑफिसरने असा माल चढवू दिला असता तर त्याचा परवाना गेला असता.

त्या वेळी कंपनीने माणसं डेकवर पाठवली नाहीत. आमच्या चमूची सुरक्षितता आधी, असं त्यांनी लेखी सांगितलं आणि बूस्टर पडू दिला. त्या रात्री ज्याने कोणी हा निर्णय घेतला असेल त्याला माझा नमस्कार आहे. मला ते तेव्हा जमलं नव्हतं.

म्हणूनच तिसरी तक्रार अशी आहे : हा निर्णय कोणाचा, हे बाहेरच्या कोणालाच कळत नाही. समुद्रातल्या जिवांच्या रक्षणासाठी जो सोलास करार आहे, त्याच्या पाचव्या प्रकरणातला ३४-१ हा नियम सांगतो की जीव आणि समुद्र यांच्या सुरक्षिततेसाठी मास्टरने, म्हणजे जहाजाच्या कप्तानाने, घेतलेल्या निर्णयाच्या आड मालक, भाड्याने घेणारा, कंपनी यांपैकी कोणीही यायचं नाही. कित्येक बुडालेल्या जहाजांची किंमत मोजून जगाला हे शहाणपण आलं. पण ड्रोनशिपवर मास्टर नसतोच. ओढणाऱ्या टगवर एक कॅप्टन असतो, सोबतच्या जहाजावर दुसरा, किनाऱ्यावरच्या नियंत्रण-कक्षात तिसरं कोणी बूस्टरच्या टाक्यांचा दाब पाहत असतं, आणि डोक्यावर सगळ्यांच्या वर उड्डाण-संचालक. लाट वाढली तर नाही कोणी म्हणायचं? आणि त्याने नाही म्हटलं तर ते कोणाला मोडता येतं? हे कागदावर असेल तर दाखवा. नसेल तर आजच लिहा. रेडिओवर "अजून दोन तास बघा" असं सांगणाऱ्या आवाजाला किनाऱ्यावर डेक हलताना जाणवत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्पेस शटलचे घन इंधनाचे दोन बूस्टर पॅराशूटने अटलांटिकमध्ये पडत. लिबर्टी स्टार आणि फ्रीडम स्टार ही दोन जहाजं त्यांना आणायला जात. पाणबुडे पाण्यात उतरून नॉझलमध्ये बूच बसवत, आतलं पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढत, मग उभा तरंगणारा तो प्रचंड नळा आडवा होई आणि जहाज त्याला ओढत बंदरात आणी. वर्षानुवर्षं त्या माणसांनी हे केलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर या शटलचं उड्डाण होतं. त्याच्या आदल्या दिवशी ही जहाजं वादळात सापडली, जीव सांभाळत किनाऱ्याकडे हळूहळू सरकत राहिली. बूस्टर जिथे पडणार तिथे ती पोहोचू शकणार नव्हती आणि हे त्यांनी कळवलंही होतं. किनाऱ्यावर चर्चा झाली, पॅराशूट आणि काही भाग हातचे जातील असा हिशेब झाला, तो परवडण्यासारखा ठरला आणि तयारी चालू राहिली. चॅलेंजर गेलं ते बूस्टरच्या सांध्यातल्या, थंडीने आखडलेल्या ओ-रिंग या रबरी कडीमुळे. समुद्रामुळे नाही, हे मला नीट ठाऊक आहे आणि मी त्याचा वेगळा अर्थ लावत नाही. पण त्या वेळी जे चाललं होतं त्यात समुद्रावरून आलेली खबर केवळ वस्तूंच्या नुकसानीची बाब ठरली, हे वाचताना माझा जीव कासावीस होतो. त्याच जहाजांना नंतर कित्येक दिवस त्याच समुद्रात अवशेष शोधावे लागले.

चौथी गोष्ट तुम्हाला लहान वाटेल, पण रात्रीच्या पहाऱ्यावर उभं राहिलेल्याला ती लहान वाटत नाही. पोकळ बूस्टर तरंगतो. जानेवारी २०१८ मध्ये फाल्कन ९ चा एक बूस्टर मुद्दाम पाण्यात उतरवला होता. तो बुडेल अशी अपेक्षा होती, पण सगळाच्या सगळा शाबूत तरंगत राहिला आणि अखेर नष्ट करावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक बूस्टर दिशा सांभाळणाऱ्या जाळीदार पंखांचा (ग्रिड फिन) पंप अडकल्यामुळे किनाऱ्याजवळ पाण्यात उतरला आणि ओढून बंदरात आणला गेला. खवळलेल्या समुद्रात डेकवरून पडलेला असा चाळीस मीटरचा नळा पाण्याच्या पातळीला लपतो. लाटांच्या गर्दीत रडारवर तो नीट उमटत नाही, त्यावर दिवा नसतो. मासेमारीच्या छोट्या बोटीला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बूस्टर किंवा त्याचा तुकडा पाण्यात गेला, तर त्याची जागा आणि वाहण्याची दिशा आसपासच्या सगळ्या जहाजांना तासाभरात कळली पाहिजे. तो बाहेर काढेपर्यंत ही सूचना चालू राहिली पाहिजे. ढकलून दिला आणि मोकळे झालो, असं समुद्रात चालत नाही.

आणि शेवटची तक्रार मोजणीची. तुम्ही लँडिंग मोजता. डेकवर टेकला की आकडा एकने वाढतो आणि तो आकडा पुढे जगभर छापला जातो. नाताळला पडलेल्या त्या बूस्टरचं एकोणिसावं लँडिंग यशस्वीच धरलं गेलं, आणि तांत्रिक अर्थाने ते होतंही. पण पुन्हा वापरायचा बूस्टर म्हणजे पुन्हा वापरता आलेला बूस्टर. जे मोजलं जातं त्याकडेच संस्थेतल्या सगळ्यांचं लक्ष जातं. परतीचा प्रवास मोजला जात नाही, म्हणून त्याच्यासाठी पैसा, माणसं, वेळ मागायला उठणाऱ्याचा आवाज बैठकीत बारीक असतो. मी अशा बैठकांत बसलो आहे.

हे सगळं अशक्य आहे म्हणून मी रडत नाही. तुम्हीच हे करून दाखवलं आहे. ११ फेब्रुवारी २०१५ ला डिस्कव्हर उपग्रहाच्या उड्डाणावेळी तीन मजली लाटा ड्रोनशिपच्या डेकवरून जात होत्या, तिला जागेवर धरून ठेवणाऱ्या चार थ्रस्टरपैकी (ढकलयंत्रांपैकी) तीनच चालू होते. तेव्हा स्पेसएक्सने ते उघडपणे सांगितलं, जहाज मागे घेतलं आणि बूस्टर पाण्यात हळुवार उतरवला, ठरल्या जागेपासून दहा मीटरच्या आत. जहाज वाचलं, माणसं वाचली, शिकायचं ते शिकून झालं. जानेवारी २०२५ मध्ये न्यू ग्लेनचं पहिलंच उड्डाण होतं, सगळ्या जगाच्या नजरा लागल्या होत्या, आणि तरी अटलांटिकमधल्या लाटांमुळे ते पुढे ढकललं गेलं. त्या उड्डाणात बूस्टर परत आला नाही, पण समुद्राला मान देण्याचा निर्णय बरोबरच होता. एवढा संयम तुमच्याकडे आहे. तो उतरण्याच्या मिनिटापुरता न ठेवता गोदीपर्यंत न्या, एवढंच मागणं आहे.

माझ्या मागण्या अशा.

प्रत्येक उड्डाणाला 'गो' म्हणण्याआधी बूस्टर गोदीला लागेपर्यंतच्या संपूर्ण प्रवासाचा समुद्र-अंदाज समोर असावा, आणि तो मर्यादेबाहेर असेल तर उड्डाण थांबवावं किंवा बूस्टर सोडून द्यायची तयारी आधीच जाहीर करावी. ग्राहकाचा उपग्रह घाईचा असतो, कधी ग्रहांची स्थिती वाट पाहत नाही, हे मी समजू शकतो. मग तसं सांगा आणि बूस्टरवर पाणी सोडा. मात्र दोन्ही हवं म्हणून माणसांना डेकवर ढकलू नका.

ती मर्यादा आकड्यांत लिहा आणि छापा. लाटेची उंची, दोन लाटांमधला वेळ, वारा, डेकवर मोजलेला झटका, सगळं. आणि उंची लिहिताना लक्षात ठेवा की हवामान खातं सांगतं ती उंची सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अडीच मीटर सांगितली असेल तर काही तासांत त्याच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट येणारच. बूस्टर पाडायला ती एकच पुरते.

पकडणारं यंत्र ज्या बूस्टरला बसत नाही, तो बूस्टर समुद्रात उतरवायचा नाही. यंत्राने घट्ट धरेपर्यंत डेकवर माणूस चढणार नाही. यंत्र बिघडलं तर बूस्टर पडू द्या. यात अपवाद ठेवू नका, कारण अपवाद नेहमी वाईट रात्रीच वापरला जातो.

परतीच्या काफिल्यासाठी एकच मास्टर नेमा, त्याचं नाव मोहिमेच्या कागदांत लिहा, आणि त्याचा नकार किनाऱ्यावरून कोणालाही फिरवता येणार नाही हे त्याच कागदावर लिहा. नकार दिल्यामुळे त्याची पुढची नोकरी जाणार नाही, हेही लिहा. ते लिहिलेलं नसेल, तर आधीच्या ओळीला काही अर्थ उरत नाही.

पडलेल्या, सरकलेल्या, पडता पडता वाचलेल्या प्रत्येक बूस्टरच्या वेळची डेकची नोंद खुली करा. तुमच्या डेकवर संवेदक आहेत, आकडे साठवलेले आहेत. आज नव्याने समुद्रात उतरायला निघालेल्या संस्थांना तेच धडे पुन्हा आपल्या माणसांच्या हातांवर शिकावे लागू नयेत. आणि यशाचा आकडा दोन रकान्यांत छापा : किती उतरले, किती गोदीला लागले.

या प्रत्येक मागणीवर हो किंवा नाही, असं जाहीर उत्तर मिळावं. नाही म्हणायचं असेल तर कारण सांगा, मी ते वर्गात मुलांना वाचून दाखवीन. शिकवायच्या माझ्या वहीत प्रत्येक प्रकारच्या मालाला एक पान आहे : लाकडाचे ओंडके, पोलादी गुंडाळ्या, टाक्या, यंत्रं. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात समुद्राची मर्यादा लिहिलेली असते. त्या प्रश्नानंतर मी एक नवं पान जोडलं आणि त्यावर 'समुद्रात उतरलेला बूस्टर' असं लिहिलं. त्याचा वरचा कोपरा अजून रिकामा आहे.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर